रात्री दोन ते सकाळी आठ

२००५-०६ च्या सुमारास पुण्यातल्या काही घरांत रात्री दोनचा गजर लागत असे. बीएसएनएलच्या ‘डेटावन’ जोडणीत पाचशे रुपयांच्या योजनेला एक सवलत होती. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात कितीही डाउनलोड करा, त्याची मोजणी नाही. त्याहून स्वस्त, अडीचशेच्या योजनेत अख्ख्या महिन्याला ४०० एमबी मिळत. एका सीडीत मावतो ७०० एमबीचा ऐवज, म्हणजे महिनाभर दुसरे काहीही न उघडता बसले तरी एक सीडी पुरी होत नसे. नळाला पाणी येण्याच्या वेळा सांभाळायची सवय असलेल्या शहराला हे गणित शिकवावे लागले नाही. रात्री दोनला उठायचे, संगणक सुरू करायचा, टोरेंट लावायचे आणि परत झोपायचे. २५६ केबीपीएसच्या वेगाने ७०० एमबी उतरायला सहा तासांच्या थोडा वर वेळ लागतो. सवलत बरोबर सहा तासांची. एका रात्रीत एक सीडी जवळजवळ पूर्ण होई आणि शेवटचे चार-पाच टक्के दुसऱ्या रात्रीवर लोंबकळत.

त्या सहा तासांत उतरणारा बहुतेक माल सिनेमे आणि गाणी हाच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण काही घरांत आणि होस्टेलच्या खोल्यांत फेडोरा, डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स संगणकप्रणालीची वाणे उतरत असत. हे सॉफ्टवेअर कॉपी करा, वाटा, बदला असे त्याच्या कर्त्यांनीच लिहून दिलेले. चोरीचा माल आणि दानाचा माल एकाच वायरीतून, एकाच पद्धतीने, एकाच वेळी येत होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नसे. कायद्यालाही तो दिसायला बराच काळ लागला.

यात कायदा कुठे आला ते पाहायला थोडे मागे जावे लागेल. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणकाचा प्रोग्राम हा ‘साहित्यकृती’त मोडतो, हे त्यात १९८४ च्या दुरुस्तीने आले. कादंबरी आणि पेरोल मोजणारा प्रोग्राम कायद्याच्या लेखी एका पंगतीला बसले. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ब घातले. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालयाला कैद टाळता येते, एवढी सूट त्यात आहे. विकणाराच नव्हे, नुसता वापरणाराही गुन्हेगार ठरू शकतो, असे हे कलम. ज्या शहरात असेंबल केलेल्या संगणकात विंडोज दुकानदारच ‘टाकून देत’ असे, तिथे या कलमाचा खरा अर्थ लावायचा तर निम्मे शहर येरवड्याच्या तुरुंगात न्यावे लागले असते.

त्याच काळात अमेरिकेतून एक वेगळीच कागदी युक्ती आली होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. कॉपीराइट सोडून न देता त्याच्याच जोरावर वाटण्याचा हक्क देणारा हा परवाना. अट अशी की तुम्ही वाटाल ते पुढच्यालाही त्याच हक्कांसह मिळाले पाहिजे, आणि तयार प्रोग्रामबरोबर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूरही, मिळाला पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स याच दुसऱ्या आवृत्तीखाली आले.

भारतात हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा पसरले ते इंटरनेटवरून नाही, मासिकाच्या सीडीवरून. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ मध्ये अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली, पुढे ‘पीसीक्यूलिनक्स’ या नावाने स्वतःचे वाण काढले. २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक निघाले, तेही सीडीसकट. एकाने अंक घ्यायचा आणि दहा-पंधरा रुपयांच्या कोऱ्या सीडीवर दहा जणांनी प्रती करून घ्यायच्या. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप म्हणजे ‘प्लग’च्या बैठका आणि मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत दर फेब्रुवारीला भरणारे ‘ग्नुनिफाय’ संमेलन ही अशा देवघेवीची ठिकाणे. पुढे उबुंटूने तर जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायला सुरुवात केली. पोस्टमन परदेशी पाकीट घेऊन दारात उभा राही आणि घरातली मोठी माणसे ‘कितीला पडलं?’ विचारत. फुकट म्हटल्यावर संशय वाढे.

सीडीत कायद्याचा घोळ नव्हता. देणारा कोण, घेणारा कोण, हे उघड होते.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरेंट आणले आणि ही ओळख पुसली गेली. त्याचे काम कसे चालते ते आपल्याला अंगत-पंगतीवरून पटकन समजते. फाइलचे शेकडो तुकडे पाडलेले असतात. ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने स्वतः घेता घेता शेजाऱ्याच्या पानात वाढायचा. मुख्य स्वयंपाकघरावर ताण नाही, जेवणारे जितके जास्त तितकी वाढणी जलद. जो वाढत नाही त्याच्या पानात कमी पडते, अशी व्यवस्था मूळ रचनेतच आहे. इथे नुसता जेवणारा असा कोणी नसतोच. पहिला तुकडा हातात आला की तुम्ही वाढपी झालात.

ही रीत मुक्त सॉफ्टवेअरच्या किती कामाची आहे हे २००३ मध्ये दिसले. रेड हॅट लिनक्सची ९ वी आवृत्ती पैसे भरणाऱ्या सभासदांना ३१ मार्चला मिळाली. इतरांसाठी सार्वजनिक सर्व्हरवर ती आठवड्याने येणार होती. सभासदांपैकी काहींनी ती त्याच दिवशी टोरेंटवर लावली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे २१ टेराबाइट माल हलला, असे तो टोरेंट चालवणाऱ्यांनी नंतर मांडलेल्या हिशेबात आहे. दुसऱ्या कोणत्या कंपनीने यावर वकिलाची नोटीस धाडली असती. इथे नोटिशीला जागाच नव्हती, कारण परवान्यात वाटायचा हक्क लिहिलेलाच होता. कंपनीच्या हाती उरले ते नाव. ‘रेड हॅट’ हा ट्रेडमार्क आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या प्रती कितीही काढा, पण ते नाव लावून स्वतःचा धंदा करू नका, असा तिचा आग्रह असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडोरा आले आणि फेडोरा प्रकल्पाने स्वतःच टोरेंट चालवायला घेतले.

फेडोराशी पुण्याचा संबंध जवळचा. रेड हॅटचे भारतीय भाषांचे काम बरेचसे पुण्यातून चाले. ‘श्रीलिपी’मुळे छापखान्यांत ठाऊक असलेल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले फॉन्ट ‘लोहित’ या नावाने जीपीएलखाली खुले झाले. लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या नावातली लाल टोपी अशी संस्कृतात आली. म्हणजे कोथरूडमध्ये रात्री दोनला कोणी फेडोरा उतरवत असेल तर त्यातली देवनागरी अक्षरे त्याच्याच गावची, जगभर फिरून त्याच्याकडे परत येत होती.

तरीही या सगळ्यात एक फट होती, आणि ती सिनेमावाल्यांच्या वकिलांना नाही, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाच दिसली.

जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम सांगते की तयार प्रोग्राम वाटणाऱ्याने तीनपैकी एक गोष्ट करावी. सोर्स कोड बरोबर द्यावा. किंवा ‘मागाल तेव्हा सोर्स कोड देईन’ असे किमान तीन वर्षे चालणारे लेखी आश्वासन द्यावे. किंवा वाटणी बिगरव्यापारी असेल तर स्वतःला मिळालेले असे आश्वासन पुढे सरकवावे. आणखी एक सोय होती. एखाद्या ठरलेल्या ठिकाणाहून प्रोग्राम घेता येत असेल आणि सोर्स कोडही तिथेच ठेवलेला असेल तर ते पुरे. १९९१ च्या डोक्याने हे चोख होते. तेव्हा ‘ठिकाण’ म्हणजे एक सर्व्हर, नाहीतर टपालाने येणारी फ्लॉपी.

आता पुन्हा रात्री दोनला उठलेल्या त्या मुलाकडे पाहा. तो उबुंटू घेतोय, पण त्याच क्षणी ब्राझीलमधल्या आणि पोलंडमधल्या कोणाला तरी त्याचे तुकडे देतोय. म्हणजे वाटतोय. मग सोर्स कोड कुठे आहे? तीन वर्षांचे आश्वासन त्याने कधी लिहून दिले? टोरेंटच्या झुंडीत ‘ठरलेले ठिकाण’ कोणते? चौथे कलम म्हणते की अट मोडली की परवाना आपोआप संपतो. काटेकोर वाचायचे तर तो मुलगा सकाळी आठपर्यंत सद्भावनेने, झोपेत, परवाना गमावून बसलेला असे. आणि परवाना नाही म्हणजे ती प्रत बेकायदा, म्हणजे पुन्हा आपले कलम ६३ब.

हे वकिली चोचले वाटतील. पण २००६ च्या उन्हाळ्यात स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ‘मेपिस’ या लहानशा लिनक्स वाणाच्या कर्त्याला सुनावले होते की मूळ प्रकल्पाच्या सर्व्हरवर सोर्स कोड आहे म्हणून भागणार नाही, तुम्ही वाटता तर तुम्हीच ठेवा. परवान्याची अक्षरे कोणी गंभीरपणे वाचत नाही, असे म्हणायची सोय राहिली नव्हती.

योगायोगाने तेव्हा जीपीएलची तिसरी आवृत्ती लिहिली जात होती. जानेवारी २००६ मध्ये पहिला मसुदा आला आणि त्यावर जगभरातून सूचना मागवल्या गेल्या. २७ जुलैच्या दुसऱ्या मसुद्यात बिटटोरेंटच्या प्रश्नाला हात घातला गेला. या मसुद्यावरची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद २३ आणि २४ ऑगस्टला बंगळूरला, आयआयएममध्ये भरली. स्टॉलमन आणि त्यांचे वकील एबेन मॉग्लेन दोघेही आले होते. पुण्याहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर, जगभरच्या सॉफ्टवेअरचा करार कलमाकलमाने चर्चिला जात होता. आपल्याकडे वर्तमानपत्रांत त्याची जी काही दखल घेतली गेली ती स्टॉलमन यांच्या दाढीपलीकडे फारशी गेली नाही.

अंतिम परवाना २९ जून २००७ ला आला. त्यात फट दोन ठिकाणी बुजवली आहे. नवव्या कलमात म्हटले आहे की पीअर-टू-पीअर, म्हणजे टोरेंटसारख्या आपापसांत वाटण्याच्या, पद्धतीने प्रत मिळवताना जी आनुषंगिक वाटणी आपोआप होते, तिच्यासाठी परवाना स्वीकारण्याची गरज नाही. म्हणजे घेता घेता जे दिले गेले ते देणे धरले जात नाही. सहाव्या कलमात मुद्दाम टोरेंटने वाटणाऱ्याची सोय आहे: सोर्स कोड सर्वांना फुकट कुठे मिळतो एवढे इतर पीअरना कळवा, बस्स. मला या दोन वाक्यांचे कौतुक वाटते. लिहिणाऱ्यांनी तंत्र आधी समजून घेतले आणि मग हेतू व अपघात यांत रेघ ओढली. पुढच्या काही वर्षांत भारतातल्या न्यायालयांपुढे हेच तंत्र आले तेव्हा रेघ कुठे ओढायची हे ठरायला बरीच खाडाखोड झाली.

या दुरुस्तीचा फायदा मात्र अर्धाच झाला. टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच ठेवला. प्रत्येक वाणाच्या सीडीत तो गाभा असतोच, त्यामुळे जुनी शंका कागदावर तशीच राहिली. प्रत्यक्षात ती कोणाला चावली नाही, कारण ज्यांना दावा लावता आला असता त्यांनाच आपला प्रोग्राम पसरायला हवा होता.

आपल्या कायद्याच्या बाजूने आणखी एक गुंता होता. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी आणि मालकाच्या सहीचा हवा. फेडोरावर सही कोणाची? हजारो कर्त्यांपैकी कोणीच सही करून काही पाठवत नाही. शिवाय कलम १९ आणि ३०अ एकत्र वाचले तर परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. जीपीएलची दुसरी आवृत्ती मुदतीबद्दल गप्प आहे. तिसरीत मात्र ‘कॉपीराइटची पूर्ण मुदत’ असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे परवान्याची नवी आवृत्ती आपल्या कायद्याच्या मापात जुनीपेक्षा बरी बसते.

२००७ चा ऑगस्ट संपता संपता पुणे पोलिसांच्या हातून एक प्रकरण घडले. त्याचा टोरेंटशी संबंध नाही, पण आयपी पत्त्याशी, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकाशी, पूर्ण आहे. ‘ऑर्कुट’ या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. पोलिसांनी आयपी पत्त्याचा माग काढला आणि बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला घरातून उचलून पुण्याला आणले. त्याने पन्नास दिवस येरवड्यात काढले. नंतर उघड झाले की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्या आयपी पत्त्याबद्दल दिलेली माहितीच चुकीची होती. टोरेंटच्या झुंडीत प्रत्येकाचा आयपी पत्ता बाकी सगळ्यांना दिसतो. त्या पत्त्यावरून माणूस ठरवायचा तर पुरावा किती तकलादू असू शकतो, याचा धडा पुण्याने असा दुसऱ्याच्या पोराला तुरुंगात बसवून घेतला.

मग चित्रपटवाले मैदानात उतरले. जुलै २०११ मध्ये ‘सिंघम’ प्रदर्शित होण्याआधी निर्मात्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाकडून ‘जॉन डो’ आदेश मिळवला. प्रतिवादीचे नाव माहीत नसताना, पुढे कोण चोरी करील त्या सर्वांविरुद्ध आधीच काढलेला हा आदेश. आपल्याकडे त्याला ‘अशोक कुमार’ आदेशही म्हणतात. मराठीत त्याला सोम्या-गोम्या म्हणायला हरकत नाही. निर्माते आणि एक मोठा इंटरनेट पुरवठादार एकाच उद्योगसमूहाचे, त्यामुळे फाइल वाटणाऱ्या साइट तडक बंद झाल्या. बाजीराव सिंघम पडद्यावर कायदा हातात घेत होता, पडद्यामागेही फार वेगळे चालले नव्हते.

त्याच वर्षी ४ ते ६ नोव्हेंबरला शिवाजीनगरच्या सीओईपीत ‘फडकॉन’ हे फेडोराचे संमेलन भरले. ज्या शहरात हे लोक सॉफ्टवेअर कसे वाटावे यावर तीन दिवस बोलत होते, तिथल्याच अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये टोरेंट सरसकट बंद होते. प्रशासकाला फेडोरा आणि ‘सिंघम’ वेगळे काढण्याचा वेळ नव्हता, आणि गरजही वाटत नव्हती.

२०१२ मध्ये हे टोकाला गेले. ‘कोलावेरी’च्या गाण्यामुळे गाजलेला ‘३’ हा तमिळ चित्रपट. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देत पुरवठादारांनी मे महिन्यात ‘पायरेट बे’बरोबर ‘व्हिमिओ’ आणि ‘पेस्टबिन’सारख्या निर्दोष साइटही अख्ख्या बंद केल्या. याच्या निषेधार्थ ९ जूनला मुखवटे घातलेली तरुण मंडळी मुंबईच्या आझाद मैदानावर जमली. जूनमध्येच न्यायालयाने खुलासा केला की आदेश त्या चित्रपटाच्या नेमक्या दुव्यांपुरता होता, पूर्ण साइटसाठी नव्हता. त्याच जूनच्या २१ तारखेला कॉपीराइट कायद्याची मोठी दुरुस्ती अमलात आली. इलेक्ट्रॉनिक वहनात तात्पुरती होणारी साठवण उल्लंघन नाही, असे तिने म्हटले. कलम ३० मधली सहीची अट काढली. स्वतःचा हक्क सोडायचा असेल तर जाहीर नोटीस पुरेल, अशी वाट कलम २१ मध्ये उघडली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी मोर्चा न काढता त्यांच्या दोन अडचणी सुटल्या होत्या.

पुण्याला लागू पडणारा सर्वांत नेमका विचार मात्र आला तो २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून. ‘डिशूम’ या चित्रपटाच्या निर्मात्यांना नेहमीसारखाच घाऊक आदेश हवा होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो दिला नाही. साइटच्या याद्या नकोत, दुवे आणा. प्रत्येक दुवा तपासल्याचे शपथेवर सांगा. साइट पूर्ण बंद करायची तर तिच्यावर कायदेशीर असे काहीच नाही हे दाखवा. या शेवटच्या मुद्द्यातच फेडोरा आणि उबुंटूची बाजू होती, कोणी न मांडता मांडली गेलेली.

त्याच ऑगस्टमध्ये बंद केलेली पाने उघडू पाहणाऱ्यांना एक भीतिदायक पाटी दिसू लागली. हे पाहणे, डाउनलोड करणे गुन्हा आहे, तीन वर्षे कैद, तीन लाख दंड, अशा अर्थाची. सोशल मीडियावर एकच घबराट. न्यायमूर्तींनी पाटी बदलायला लावली आणि स्पष्ट केले की गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वाटणे, जाहीर प्रदर्शन करणे, विकणे किंवा भाड्याने देणे यात आहे. सिनेमा बघणाऱ्यांना हायसे वाटले. टोरेंट वापरणाऱ्यांना पूर्ण वाटायचे कारण नव्हते, कारण त्यात घेणारा वाटतोच. जीपीएलच्या नवव्या कलमाने ज्या आनुषंगिक वाटणीला सूट दिली तशी सूट सिनेमाच्या कॉपीराइटला नाही. दोन्हीकडे वायरीतून जाणारे तुकडे सारखेच. फरक फक्त मालकाने काय लिहून दिले आहे त्यात.

हा फरक पाहायला सवड नसली की काय होते त्याचे मासले पुढेही येत राहिले. २०१६ मध्येच पॅरामाउंट कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची चोरी रोखण्यासाठी गूगलला धाडलेल्या यादीत उबुंटूच्या एका टोरेंटचा दुवा निघाला. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडीच हजारांहून अधिक साइट बंद झाल्या, त्यांत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ही होते. मे २०२१ मध्ये अमेरिकेत एका ग्राहकाला उबुंटू टोरेंटने उतरवल्याबद्दल पुरवठादारामार्फत कॉपीराइट उल्लंघनाची नोटीस आली. जिच्या नावाने ती आली होती त्या कंपनीने सांगितले की नोटीस आमची नाही, आमचे नाव वापरून कोणीतरी पाठवली.

पुण्यात आता फायबर आहे. फेडोराची फाइल चहा होईपर्यंत उतरते आणि रात्री दोनचा गजर लावायची गरज उरलेली नाही. तरी मुक्त सॉफ्टवेअरच्या टोरेंटना आजही सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असलेले वाढपी, असतात. त्यांतले काही जण फाइल पूर्ण उतरून गेल्यावरही संगणक चालू ठेवतात, केवळ दुसऱ्याच्या पानात वाढायला. त्यांना नववे कलम लागू नाही. ते जाणूनबुजून वाटतात, म्हणून त्यांना सहावे.